सामासिक अंतरातला पहारेकरी

खोलीला परवानगी मिळाली.

हे वाक्य जरा लवकर आलं. ते वाचलंच नाही असं समजून पुढे जावं, कारण या घडीला ना खोली आहे ना परवानगी. आहे ती फक्त घरातली सून, आणि तीही गेटजवळ उकिडवी बसलेली. स्टीलच्या टेपचं टोक तिने गेटच्या बिजागरीत अडकवलं आहे आणि डबी हातात घेऊन ती बदकासारखी मागे मागे सरकते आहे.

वरच्या गॅलरीत सासरे कठड्याला पोट टेकून उभे होते. त्यांनी उजवा हात पुढे केला, तळवा खाली वळवला आणि बोटं सावकाश हलवली.

"बाबा, तोंडाने सांगा की."

"हळू खाली सोड, असं म्हणतोय."

"मी काय लोखंड आहे खाली सोडायला?"

"तू नाही गं. टेप वर उचलला गेलाय. माप चुकेल."

टेप खरंच वर उचलला गेला होता. सुनेने तो जमिनीला टेकवला.

"आणि तुझ्या भांगात पांढरा केस आलाय," सासरे म्हणाले.

सासऱ्यांनी उभं आयुष्य बंदरावर क्रेन चालवली होती. आभाळात टांगलेली काचेची केबिन, खाली हाताने खुणा करणारा माणूस, आणि खूण झाल्याशिवाय इंचभरही हलवायचं नाही असं ओझं. या नोकरीत पगार बरा होता, वारा भरपूर होता, पण माणसं दिसायची ती टाळूकडून. सोबत्यांच्या लग्नात गेले की त्यांना कोणी ओळखू येत नसे. जेवायला सगळे खाली वाकले की मग ओळख पटायची. त्यामुळे निवृत्तीनंतरची त्यांची हौस अगदी साधी होती. गेटबाहेर खुर्ची टाकायची आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची तोंडं बघायची. तोंडांचा त्यांचा अनुशेष फार मोठा होता.

तो थोडा भरून निघाला आणि खुबा मोडला. हाड जुळलं, पण जिन्याचा विषय डॉक्टरांनी कायमचा बंद केला. घर खांबांवर उभं होतं. खाली गाड्या, वर माणसं. म्हणजे जमिनीवर राहण्याचा मान त्या घरात फक्त गाड्यांना होता. सासरे पुन्हा वर अडकले, आणि पुन्हा टाळूच बघू लागले. सुरुवातीला त्यांनी ते हसण्यावारी नेलं. समोरच्या दंतवैद्याला आता टोपी लागणार, कोपऱ्यावरच्या शिक्षिकेने भांग बदललाय, असल्या बातम्या ते जेवताना देत. मग बातम्या कमी झाल्या. मग जेवण कमी झालं. गेले काही दिवस तर ते गॅलरीतही येत नव्हते. भिंतीकडे तोंड करून पडून असत आणि विचारलं तर "बघतोय" एवढंच म्हणत. आज ते उठून आले होते ते टेपचा खळखळाट ऐकून.

सुनेने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, आणि टेप उगाचच आणखी एकदा ओढून खळकन सोडला.

*

सून पंच होती. बास्केटबॉल, व्हॉलीबॉल, मिळेल ते. शाळाकॉलेजांच्या स्पर्धांमध्ये गळ्यात शिटी घालून कडेने पळणं हे तिचं काम होतं आणि सगळे तिला पंचबाई म्हणत. नवऱ्याची आणि तिची पहिली भेट मैदानावरच झाली होती. तिने त्याला मैदानाबाहेर काढलं होतं. तो बाहेर बाकावर जाऊन बसला, आणि निर्णय बरोबर होता असं त्याचं मत व्हायला सामना संपावा लागला. नंतर तो तिला हे सांगायला गेला, आणि तिथून पुढचं सगळं घडलं.

नवरा विमा विकायचा. अटी वाचून घ्या, असं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावायचा. स्वतः त्याने त्या कधीच वाचल्या नव्हत्या.

"एवढं मोजतेस कशाला?" संध्याकाळी तो म्हणाला. "खालच्या दोन खांबांच्या मध्ये दोन भिंती घालू, एक दार लावू, झाली खोली. बाबा खाली."

"खाली पार्किंग आहे. नकाशात पार्किंग आहे. ते बंद करता येत नाही."

"जिमवाल्याने केलं ना."

शेजारच्या जिमवाल्याने आपलं पार्किंग भिंतींनी बंद करून आत व्यायामशाळा काढली होती. त्याच्या गाड्या तेव्हापासून रस्त्यावर झोपत.

"म्हणजे आपण केलं तर दोन फाउल होतील," सून म्हणाली.

"अगं, पण कोण बघतंय?"

"मी बघतेय."

नवऱ्याने वडलांच्या बंद दाराकडे बोट दाखवलं. "आणि ते? ते कोण बघणार?"

तिने गळ्यातली शिटी काढली, टेबलावर ठेवली, आणि जेवणाची ताटं घेतली.

पुढच्याच आठवड्यात पालिकेची माणसं घण घेऊन आली आणि जिमवाल्याच्या भिंती पाडून गेली. ट्रेडमिल उघड्यावर आली. आता तिच्यावर चालणारा माणूस फुटपाथवरून चालणाऱ्या माणसाच्या शेजारी, त्याच्याच वेगाने, घाम गाळत कुठेच जात नव्हता. फुटपाथवरची माणसं संकोचून पाय उचलू लागली. नवऱ्याने भिंतींचा विषय पुन्हा काढला नाही. लिफ्टचा काढला, पण लिफ्टचा खड्डा ना आत मावत होता ना बाहेर.

सुनेने बांधकामाची नियमावली आणली. जाडजूड ग्रंथ होता आणि तो घरात कोणी मुद्दाम वाचायला आणेल अशी त्याच्या छापणाऱ्यालाही आशा नसावी. ती मात्र तो भात ढवळताना वाचायची, सामन्याच्या मध्यंतरात वाचायची, आणि एकदा तर वाचता वाचता मोठ्याने हसली.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"खुराड्याचं दार कुठल्या बाजूला ठेवायचं ते दिलंय. वाऱ्याची दिशा बघून."

"मग?"

"मग काय. कोणीतरी कोंबडीच्या जागी उभं राहून विचार केलाय."

तिच्या आवाजात थट्टा नव्हती. ती खेळाचे नियम शिकली होती तेव्हा तिच्या गुरूंनी तिला एकेका नियमामागचं मोडलेलं बोट, फुटलेलं नाक, फिरलेला गुडघा सांगितला होता. इथेही तिला तेच दिसत होतं. दार बाहेरच्या बाजूला उघडावं, असं लिहिलंय म्हणजे कधीतरी कुठेतरी आतल्या बाजूला उघडणाऱ्या दाराशी माणसांची गर्दी चेंगरली होती. ती पानं उलटत होती आणि ओळखीच्या नसलेल्या, आता नसलेल्या माणसांना मनात नमस्कार घालत होती.

*

बांधकाम विभागातल्या अभियंत्याने तिला बसायला सांगितलं नाही. त्याचा अनुभव असा होता की बसलेला माणूस रडतो आणि उभा असलेला भांडतो, आणि भांडण लवकर संपतं.

"गेटच्या आतल्या बाजूला, कुंपण आणि घर यांच्यामध्ये जागा आहे," सून म्हणाली. "तिथे सासऱ्यांसाठी एक खोली बांधायची आहे."

"ते सामासिक अंतर आहे. मोकळंच सोडायचं असतं."

"का?"

अभियंत्याने मान वर केली. या खिडकीशी त्याला लोक 'का नाही' विचारायचे. 'किती लागतील' विचारायचे. 'तुमचे साहेब कोण' विचारायचे. नुसतं 'का' आजवर कोणी विचारलं नव्हतं. त्याला ते इतकं अनपेक्षित होतं की तो उठून उभा राहिला.

"हे तुमचं घर," त्याने टेबलावर पंचिंग मशीन ठेवलं. "हे शेजाऱ्याचं." शाईचा पॅड. "आता समजा वर आग लागली. ही अग्निशामक गाडी." स्टेपलर दोन्हींच्या मधून आवाज करत निघाला. आवाज अभियंता तोंडाने काढत होता. मागचे दोन कारकून काम थांबवून बघू लागले. "मागच्या खिडकीपर्यंत गेली. शिडी लावली. माणसं उतरवली. बरोबर? आता इथे तुमचे सासरे ठेवा."

सुनेने खोडरबर ठेवलं. स्टेपलर खोडरबराला धडकून थांबला.

"अडली," अभियंता म्हणाला. त्याला मनापासून वाईट वाटलेलं दिसत होतं.

सुनेने पंचिंग मशीनकडे पाहिलं. वरच्या मजल्यावर आता कोण आहे याचा ती विचार करत होती, आणि तिथेही तिला सासरेच दिसले.

"पटलं," ती म्हणाली.

अभियंता खाली बसला. मग त्याच्या लक्षात आलं की ती अजून उभीच आहे, तेव्हा त्याने शेजारच्या टेबलाची खुर्ची स्वतः ओढून आणली. खुर्चीवरच्या फायली कुठे ठेवाव्या हे न सुचून त्याने त्या छातीशी धरल्या.

"तुम्ही वाद नाही घालणार?"

"कशाला? नियम बरोबर आहे. मला फक्त तो मोडायचा नाहीये आणि सासऱ्यांना खाली आणायचंय."

"चालता येत नाही त्यांना?"

"येतं. जिना येत नाही. वर पडून असतात भिंतीकडे तोंड करून." ती थांबली. "माणसांची तोंडं बघायची आहेत त्यांना. बाकी काही नाही."

अभियंत्याने फायली जमिनीवर ठेवल्या आणि नियमावली उघडली. बराच वेळ तो बोट फिरवत राहिला. सून समोरून उलटी वाचत होती. मग दोघांची बोटं जवळजवळ एकदमच एका ओळीवर येऊन थांबली. समोरच्या कोपऱ्यात, गाडीची वाट न अडवता, गेटला लागून, इतक्या गोष्टी चालतात: पंपघर, वीजमीटरची खोली, पहारेकऱ्याची केबिन.

"आत्ता ही ओळ मी नव्याने वाचली," अभियंता हळूच म्हणाला.

"मी काल वाचली होती. पण आधी 'का' विचारायचं होतं."

"पण मॅडम, केबिन म्हटली की पहारेकरी लागतो."

"आहे."

"सासरे?"

"सासरे."

"कोणी घुसलं तर ते पळणार कसे त्याच्या मागे?"

"पळायला लागतं असं लिहिलंय?"

त्याने पाहिलं. "नाही. पहारा लिहिलाय. पळणं नाही." मग तो जरा कडक झाला. "पण पहारा लिहिलाय हां. बेडरूम करून ठेवाल तर मीच येऊन पाडीन. पलंग ठेवायचा नाही. बाक चालेल."

"बाकाची रुंदी किती?"

त्याने पान उलटलं, परत उलटलं. "रुंदी दिलेली नाही."

"बरं. आणि संडास?"

"पहारेकऱ्यासाठी जोडून स्वच्छतागृह असावंच. सक्तीचं आहे." हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर घरचं कोणी परीक्षेत पहिलं आल्यासारखा भाव होता.

"बघा," सून म्हणाली, "पहारेकऱ्याला लागते, हे कोणाच्या तरी लक्षात होतं."

*

केबिन बांधून झाली. तिन्ही बाजूंना खिडक्या होत्या, कारण चौथ्या बाजूला स्वच्छतागृह होतं. सुताराने बाक केला आणि तो ठेवताना म्हणाला की एवढ्या रुंद बाकावर एक माणूस बसला तर बाकाला एकटं वाटेल.

सासऱ्यांना उतरवायला नवरा, दंतवैद्य, सुतार आणि जिमवाला असे चौघं आले. जिमवाला नाराज होता, पण ओझं उचलायचं म्हटल्यावर त्याला राहवलं नाही. चौघांनी खुर्चीचे चार पाय धरले. खुर्ची उचलली, आणि सासऱ्यांनी मूठ वर केली.

"हे काय?" जिमवाल्याने विचारलं.

"थांब," नवरा म्हणाला. "मूठ म्हणजे थांब. ओझं डोलतंय म्हणतात."

सासऱ्यांनी ओझं, म्हणजे स्वतःला, जरा मागे सरकवलं. मग तळवा खाली केला आणि बोटं हलवली. चौघं हळूहळू उतरू लागले. वळणावर त्यांनी अंगठा डावीकडे केला. डावीकडचे दोघे आत आले. जिमवाल्याची पायरी चुकली तेव्हा मूठ इतक्या झटक्याने मिटली की चौघंही एका पायावर थबकले. उभ्या आयुष्यात सासऱ्यांनी असंख्य वजनं उतरवली होती. यंत्रं, लाकूड, एकदा तर जिवंत घोडा. पण ओझंही आपण आणि खूण करणाराही आपणच, असा प्रसंग पहिलाच होता. शेवटच्या पायरीवरून खुर्ची जमिनीला लागली तेव्हा जराही आवाज झाला नाही.

"सुरेख," सासरे म्हणाले. हे त्यांनी कोणाला म्हटलं ते कळलं नाही. मग त्यांनी समोर उभ्या असलेल्या दंतवैद्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि बघतच राहिले. "तुमचं नाक असं आहे होय! मला आपलं वाटायचं बसकं असेल."

त्या दुपारी सून केबिनच्या दाराशी आली.

"बाबा, एक सांगायचंय. इथे नुसतं बसता येणार नाही. पहारा करावा लागेल. खराखुरा."

"आणि नाही केला तर?"

"तर ही खोली खोटी होईल. मग मलाच साहेबांना जाऊन सांगावं लागेल."

"तू सांगशील?" नवरा मागून ओरडलाच. "आपल्याच घराविरुद्ध?"

"तुला बाहेर नव्हतं काढलं?"

सासऱ्यांनी सुनेकडे असं पाहिलं जसं बंदरावर ते फक्त एकाच माणसाकडे बघत: खाली उभ्या असलेल्या, खूण देणाऱ्या माणसाकडे. त्याच्यावर विश्वास नसेल तर वजन उचलायचंच नसतं.

"माझं जुनं हेल्मेट काढून दे वरून," ते म्हणाले.

मग पहारा सुरू झाला. पिवळं हेल्मेट घातलेला म्हातारा कोणालाही विचारल्याशिवाय आत सोडेना. टपालवाला, गॅसवाला, मीटर बघणारा, प्रत्येकाचं तोंड तो निरखून बघायचा, काम विचारायचा, आणि मग बोटांनी आत सोडायचा. संध्याकाळी मुलगा कामावरून आला की त्यालाही मूठ.

"बाबा, मी आहे."

"दिसतंय. काम काय?"

"काम काय म्हणजे? राहतो मी इथे."

"कुणाकडे?"

"तुमच्याकडे," मुलगा म्हणायचा, आणि खूण मिळायची. हा संवाद रोज व्हायचा. सुरुवातीला मुलगा चिडायचा. मग उत्तर देताना तो आपोआप हसू लागला, आणि पुढे पुढे खूण मिळाल्यावरही तो आत न जाता बाकावर टेकू लागला. बाक रुंद होताच. विम्याची गिऱ्हाइकं, बंदरावरचा घोडा, असल्या गोष्टी निघायच्या. एवढं दोघं आधी कधी बोलले होते का, हे सून वरून ऐकताना आठवून बघायची आणि तिला आठवायचं नाही.

*

तक्रार जिमवाल्याने केली. आपल्या भिंती पाडल्या आणि शेजारी खोली उभी राहते, हे त्याच्या ट्रेडमिलवरून त्याला दिवसभर दिसत होतं. 'पहारेकरी वगैरे काही नाही, घरचा म्हातारा झोपवून ठेवला आहे,' असं त्याने लिहिलं. सही केली नाही, पण कागद व्यायामशाळेच्या पावतीबुकातला होता.

त्यामुळे एका दुपारी अभियंता आणि त्याचे मोठे साहेब गाडीतून उतरले. सून सामन्याला गेली होती. केबिन खोटी ठरली तर त्याच संध्याकाळी घण येणार होता आणि सासरे परत वर जाणार होते. हे अभियंत्याला माहीत होतं, आणि त्याने वाटेत दोनदा घाम पुसला होता.

मोठ्या साहेबांनी गेटला हात घातला. खिडकीतून एक मूठ बाहेर आली.

"कोण?" हेल्मेटखालून आवाज आला.

"बांधकाम विभाग. तपासणी आहे. उघडा."

"हे आलेले आहेत आधी," सासऱ्यांनी अभियंत्याला बोटांनी आत घेतलं. "तुम्ही थांबा."

"मी यांचा साहेब आहे!"

"असाल. मला दिसला नाहीत कधी."

"मी कोण आहे माहीत आहे का तुम्हाला?"

सासऱ्यांनी विचार केला. या भागात मोठी झालेली बरीच माणसं कधी ना कधी बंदरावर येऊन गेलेली असायची. प्रश्न रास्त होता आणि त्यांना तो नीट तपासायचा होता.

"जरा मान खाली घाला," ते म्हणाले.

"काय?"

"मान. खाली."

मोठ्या साहेबांनी का कोण जाणे, पण मान खाली घातली. कदाचित आयुष्यात इतक्या खात्रीने त्यांना कोणी काही सांगितलं नसावं. सासऱ्यांनी खिडकीतून वाकून त्यांची टाळू शांतपणे, सगळ्या बाजूंनी पाहिली.

"नाही," ते म्हणाले. "तुम्हाला ओळखत नाही. मालकीणबाई येईपर्यंत थांबावं लागेल. सावली त्या बाजूला आहे."

मोठे साहेब सावलीत जाऊन उभे राहिले. शेजारी ट्रेडमिलवर जिमवाला चालत होता. त्याने नजर दुसरीकडे वळवली आणि वेग वाढवला. आतून, गजांच्या पलीकडून, अभियंत्याने अतिशय आदबीने सांगितलं, "साहेब, पहारा आहे."

सून आली तेव्हा तिच्या गळ्यात शिटी होती. सासऱ्यांनी तिला विचारलं, तिने होकार दिला, मग बोटं हलली. मोठे साहेब आत आले, केबिनमध्ये डोकावले आणि म्हणाले, "हा बाक फार रुंद आहे."

"नियमात रुंदी नाही, साहेब," सून आणि अभियंता एकदमच म्हणाले.

मोठे साहेब सासऱ्यांच्या हेल्मेटकडे बघत राहिले. मग त्यांनी खिशातून पेन काढलं. शेरा लिहिला: केबिनचा वापर मंजूर कारणासाठीच होत आहे, दरवर्षी नूतनीकरण करावे, पहारेकऱ्याचे पद रिक्त झाल्यास बांधकाम काढून टाकावे. जाताना ते गेटपाशी आपण होऊन थांबले, आणि खूण मिळाल्यावरच बाहेर पडले.

तर, खोलीला परवानगी मिळाली. हे वाक्य आता वाचायला हरकत नाही.

जिमवाला दुसऱ्या दिवशी कुंपणाशी येऊन उभा राहिला. बराच वेळ तो दंडाचे स्नायू चोळत होता.

"काका, मी जेवायला गेलो की जरा माझ्या मशीनकडेही लक्ष ठेवाल का?"

"तोंड वर कर," सासरे म्हणाले. त्यांनी ते नीट पाहिलं. "ठेवीन. पावतीबुकही आत ठेवत जा."

*

नूतनीकरण एकदा झालं, परत झालं. रस्त्याला सवय लागली. मुलं शाळेतून येताना केबिनसमोर हात खाली करून बोटं हलवत जायची. कचऱ्याची गाडी मागे घेताना चालक आरशात बघण्याऐवजी हेल्मेटकडे बघायचा. कोणी कुठल्या घराचा पत्ता विचारला तर लोक म्हणत, पुढे जा, एक काका थांबवतील, त्यांना विचार.

या वर्षी सासरे बसून पहारा करेनासे झाले. ते बाकावर पडून असायचे, पण तोंड भिंतीकडे नव्हतं. उशी मुद्दाम अशी लावून घेतली होती की खिडकीतून गेट दिसावं. हेल्मेट पोटावर असायचं. हात आता वर जात नसे. खूण करायची झाली तर ते एक बोट हलवत. मूठ तर पूर्ण मिटतच नसे, अर्धवट, धरलेला पक्षी सोडल्यासारखी राही. तरी गाड्या थांबायच्या. टपालवाला गेटशी उभा राहून त्या बोटाकडे बघत बसायचा, आणि ते हलायला कितीही वेळ लागला तरी आत येत नसे. एकदा बोट हललंच नाही, सासऱ्यांचा डोळा लागला होता. टपालवाला वाट बघून निघून गेला आणि परत फिरताना आला. पत्रं म्हणजे विजेची बिलं होती.

नवऱ्याने कामाच्या वेळा बदलून घेतल्या. दुपारी तो वडलांच्या पायाशी बसायचा. गेटवर कोणी आलं की तो उठायला जायचा आणि सासरे त्याला थांबवायचे, डोळ्यांनी. मग तो नुसता सांगायचा, "बाबा, गॅसवाला आलाय. दाढी वाढवलीये." सासरे तोंड बघायचे. बोट हलायचं.

डॉक्टर तपासून बाहेर आले तेव्हा सून गेटशी उभी होती. ते हलक्या आवाजात बोलले, फार बोलले नाहीत. तिने मान डोलावली. डॉक्टरांनी गेट उघडायला हात पुढे केला आणि तिने तो धरला.

"एक मिनिट," ती म्हणाली, "खूण होऊ दे."

दुसऱ्या दिवशी ती नूतनीकरणाचा अर्ज घेऊन बांधकाम विभागात गेली. अभियंत्याने तिला पाहताच खुर्ची ओढली. इतक्या वर्षांत तिने कुठल्याही सामन्यात, कुठल्याही कार्यालयात, स्वतःसाठी किंवा घरासाठी कधी सवलत मागितली नव्हती. नियमात नसेल तर ती नाही म्हणायची, आणि असेल तर पान सांगायची. अभियंता सवयीने अर्ज वरून खाली वाचत गेला आणि शेवटच्या परिच्छेदाशी थांबला. त्याने तो परत वाचला. चष्मा काढला, पुसला, पण परत घातला नाही.

"मॅडम, असा नियम नाही."

"माहीत आहे."

"मोठ्या साहेबांनाही हा अधिकार नाही. कोणालाच नाही."

"तेही माहीत आहे. अर्ज करायला मनाई आहे का?"

त्याने सवयीने नियमावलीकडे हात नेला आणि तसाच मागे घेतला.

"नाही," तो म्हणाला. "अर्ज करायला मनाई नाही."

त्याने शिक्का शाईवर दाबला, अर्जाच्या कोपऱ्यात 'मिळाला' असा उमटवला, आणि शाई वाळेपर्यंत त्यावर फुंकर घालत राहिला. शेवटचा परिच्छेद असा होता:

'सदर पहारेकरी नेमणुकीच्या दिवसापासून आजपर्यंत एकदाही जागा सोडून गेलेले नाहीत. त्यांच्या कामाबाबत अर्जदार समाधानी असून त्यांच्याऐवजी दुसरी व्यक्ती नेमण्याचा अर्जदाराचा विचार नाही. तरी सदर पद कोणत्याही कारणास्तव, कोणत्याही दिनांकास, कोणत्याही प्राधिकाऱ्याकडून रिक्त होऊ देण्यात येऊ नये, ही नम्र विनंती.'